पेल्यावरचा तांब्या

शांतलिंगअप्पांच्या गिरणीत दळण घेऊन गेलेली बाई हसल्याशिवाय परत आली, असं सहसा होत नसे. ज्वारीत खडे निघाले की अप्पा विचारत, बाई, दळण आणलंस का शेतच उचलून आणलंस? कुणी पीठ जाड पडल्याची तक्रार केली तर म्हणत, बरं झालं, नवरा चावत बसेल, तेवढा वेळ तरी घरात शांतता. भुवया पिठानं पांढऱ्या, डोक्याला टॉवेल, गळ्यात लिंग बांधलेलं शिवदार. पट्टा फिरू लागला की पायाखालची फरशी थरथरायची, भिंतीवरचं कॅलेंडर डुलायचं, आणि हा माणूस त्या हादऱ्यात दिवसभर मजेत उभा असायचा.

तोच माणूस संध्याकाळी घराचा उंबरा ओलांडला की ओळखू येत नसे. बोलणं बंद, हसणं बंद, कान मात्र उभे. कुणी पाट जरा जोरात ठेवला की त्यांची मान झटकन वळायची. नजर आधी स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या मांडणीवर जायची आणि मग माणसांवर.

मांडणीच्या सगळ्यात वरच्या फळीवर एक स्टीलचा पेला पालथा घातलेला असे. पेल्याच्या बुडावर एक पितळी तांब्या तोलून ठेवलेला, आणि बरोबर त्याखाली जमिनीवर एक रिकामी परात. जमीन हलली तर तांब्या कलंडणार, परातीत पडणार आणि घर जागं होणार, एवढी साधी ती व्यवस्था. लोहारा तालुक्यातलं हे गाव दोनदा वसलेलं. जुनं गाव ओढ्यापलीकडं होतं. ते त्र्याण्णवच्या भूकंपात गेलं आणि आता तिथं बाभळी माजल्या आहेत. नवं गाव सरकारनं आखून दिलं, सरळ रस्ते, एकसारखी घरं. त्या नव्या घरांत सुरुवातीची वर्षं कुणी तांब्या ठेवी, कुणी बाटली उलटी उभी करी. पुढं लोकांच्या मनातली भीती विरत गेली आणि तांबे परत पाणी प्यायला निघाले. अप्पांच्या घरचा तेवढा फळीवरच राहिला.

निकिता या घरात सून म्हणून आली ती धाराशिवहून. तिचे वडील तिथं कोर्टात बेलिफ. दोन खोल्यांत चार भावंडं वाढलेली, आणि त्या दोन खोल्यांत खो-खो, लंगडी, गादीवरच्या कोलांट्या, सगळं झालेलं. खालचे भाडेकरू वर येऊन भांडायचे, आई त्यांना चहा पाजून परत पाठवायची. अशा घरातली मुलगी इथं आली आणि पहिल्याच आठवड्यात तिला सासूनं, महानंदाबाईंनी, घरचे नियम समजावून सांगितले. घरात पळायचं नाही. उडी मारायची नाही. खाटेवरून उतरताना आधी एक पाय टेकवायचा, मग दुसरा. दाराला आतून कडी लावायची नाही. जड काही उंचावर ठेवायचं नाही. आणि तांब्याला हात लावायचा नाही.

निकिताला हसू आलं होतं. तिनं नवऱ्याला, बसवेशला, विचारलं, तुमच्या घरी काय देव झोपलेत का? बसवेश उमरग्याला ट्रॅक्टरच्या गॅरेजात कामाला. माणूस सज्जन, पण अवघड प्रश्न आला की मोबाईलमध्ये डोकं घालणारा. अप्पांचं तसंच आहे, म्हणाला. पुढं तिला हळूहळू कळलं ते एवढंच, की बसवेशला एक थोरली बहीण होती, शिवकांता, सात वर्षांची. ती भूकंपात गेली. तिचा फोटो नाही, तोही जुन्या घराबरोबर गेला. घरात तिचं नाव कुणी काढत नसे. निकितानं मनाशी गणित मांडलं की भूकंपानं माणूस घाबरलाय, म्हणून आदळआपट सहन होत नाही. गणित चुकीचं नव्हतं, पण अर्धंच होतं.

मोठ्यांना अशा नियमांचं फार काही वाटत नाही. ते वळसा घालून जातात. नियम मुरतो तो लहानांच्या अंगात.

राजनंदिनी या घरात चालायला शिकली. इतर पोरं थबाथबा पाय आपटत चालायला शिकतात, ही शिकली ती चवड्यांवर. पाऊल वाजलं की आजोबांची मान वळते, हे तिला बोलता येण्याआधी कळलं असावं. टाच न टेकवता ती साऱ्या घरभर फिरायची आणि तांब्या जागचा हलायचा नाही. त्याचं सगळ्यांना कौतुकच वाटलं. आलेल्या-गेलेल्याला अप्पा स्वतः दाखवायचे, बघा, कशी कापसावानी चालती. संध्याकाळी अप्पा गिरणीतून आले की ती टॉवेलचं टोक ओलं करून त्यांच्या भुवयांवरचं पीठ पुसायची. तेवढा वेळ अप्पा डोळे मिटून बसायचे. घरातल्या अप्पांत गिरणीतले अप्पा दिसायचे ते याच वेळी.

पाठीवर रणधीर झाला. तो मात्र उपजतच गोंधळी. त्याला गप्प करण्याचं काम घरातल्या सगळ्यांनी राजनंदिनीवर सोपवलं, आणि ती ते इमानेइतबारे करायची.

पोरीचं पहिलीचं वर्ष संपत आलं तेव्हा शाळेच्या बाईंनी निकिताला बोलावून घेतलं. म्हणाल्या, हिला उकिडवं बसता येत नाही, मागं कलंडते. खो-खोत बसवली तर उठताना पडते. पोरं हसतात, म्हणून ही खेळायलाच येत नाही, भिंतीला टेकून उभी राहते. निकितानं घरी येऊन पोरीला फरशीवर उभं केलं आणि हातानं टाच खाली दाबून बघितली. टाच टेकेना. दाबलं तशी पोरगी कळवळली. सहा वर्षं रोज जिला आंघोळ घातली, तिची टाच आपण कधी बघितली नाही, या विचारानं निकिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उमरग्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी पोरीला चालवून बघितलं, पाय वाकवून बघितला आणि एकच प्रश्न विचारला, घरात कुणी आजारी आहे का? पाय न वाजवता चालायची सवय दिसतेय. सवयीनं टाचेमागची शीर आखडली होती. वय लहान आहे, अजून सुटेल, असं त्यांनी सांगितलं. दिवसातून अनेकदा उड्या मारू द्या, टाचांवर चालू द्या, उकिडवं बसवा, नाचवा, दमेपर्यंत खेळवा. उन्हाळाभर असं केलं तर ठीक. नाहीतर प्लास्टर, आणि त्यानंही भागलं नाही तर ऑपरेशन.

एप्रिल लागला होता. त्या दिवसांत आमच्याकडं सकाळी नवाला ऊन असं चढतं की अंगणातल्या फरशीवर पाय ठेवला की फोड यावा. झाड म्हणाल तर दारात एक कडुनिंब, त्याचीही सावली दुपारी खोडापुरती. पोरीनं उड्या मारायच्या त्या घरातच, आणि घरात उडी मारायची नाही.

निकितानं मग सगळ्या सुना करतात तेच केलं. सासऱ्यांना न सांगता मार्ग काढला. अप्पा गिरणीत गेले की ती तांब्या अलगद खाली उतरवून चुलीजवळ ठेवायची, वाकळा एकावर एक अंथरायची आणि पोरीला खाटेवरून उड्या मारायला लावायची. पहिल्या दिवशी राजनंदिनी उडी मारेचना. खाटेच्या काठावर उभी राहून फळीकडं बघत राहिली. रणधीरनं तिला मागून ढकललं तेव्हा कुठं पडली, आणि पडल्यावर स्वतःच हबकून सगळ्यांच्या तोंडाकडं बघू लागली. महानंदाबाई भाकरी थापत होत्या. त्यांनी फक्त उठून बाहेरचं दार पुढं ढकललं. चोरी अशी घरातल्या बायकांत सुरू झाली आणि हळूहळू पोरगी हसायला लागली.

आणि मग एक दिवस तांब्या उतरवायचा राहिला.

रणधीरनं पाण्याची कळशी सांडली होती. ते पुसण्याच्या नादात निकिता विसरली. गावातली वीज गेली, गिरणी बंद पडली, आणि अप्पा जेवायला लवकर घरी आले. दारात पाय धूत होते. आत राजनंदिनी खाटेवर चढली, दोन्ही पाय जुळवून तिनं जीव खाऊन उडी मारली, आणि तांब्या परातीत कोसळला.

एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदा पडला होता. आवाज साऱ्या गल्लीत गेला. अप्पा ओल्या पायांनी आत आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, काहीच नव्हतं. त्यांनी एका काखेत राजनंदिनी उचलली, दुसऱ्या काखेत रणधीर, आणि महानंदा, बाहेर, निकिता, बाहेर, असं ओरडत ते रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले. साठी उलटलेला माणूस, पण पोरं त्यांना जड झाली नाहीत. समोरचा मकबूल टेलर गळ्यात टेप तशीच ठेवून बाहेर आला. पलीकडच्या घरातल्या बायका लेकरं घेऊन आल्या. या गावात त्या वयाचा माणूस पोरं घेऊन पळताना दिसला तर का म्हणून कुणी विचारत नाही. सारी गल्ली उन्हात उभी राहून आपापल्या घराकडं बघत होती.

घरं उभी होती. काहीच झालं नाही. तेव्हा अप्पांच्या काखेतून राजनंदिनी म्हणाली, "अप्पा, काई हललं न्हाय. मीच उडी मारली."

अप्पांनी तिला खाली ठेवलं.

"खरं?" त्यांनी विचारलं.

"खरं. खाटेवरनं."

त्यांनी तिला मारलं नाही, रागावलेही नाहीत. पोरीकडं बघता बघता ते तापलेल्या डांबरावर मटकन खाली बसले. मकबूलनं येऊन हाताला धरून उठवलं आणि निंबाखाली नेलं. लोक पांगले. कुणी हसलं नाही, आणि त्याचीच निकिताला जास्त लाज वाटली.

त्या दिवशी वीज आल्यावरही गिरणी उघडली नाही. संध्याकाळी निकितानं मनाचा हिय्या करून सासऱ्यांसमोर सगळं मांडलं. शाळेच्या बाई काय म्हणाल्या, डॉक्टर काय म्हणाले, आपण चोरून काय करत होतो, काही लपवलं नाही. अप्पांनी ऐकून घेतलं. अंगणात कर म्हणावं, म्हणाले. उन्हाचं सांगितलं तर म्हणाले, मग पहाटे. डॉक्टरांनी दिवसातून पुन्हा पुन्हा करायला सांगितलंय, हे तिनं सांगितलं.

"घरात न्हाय," एवढंच बोलले.

निकिताही मग बोलून गेली. म्हणाली, अप्पा, तुमच्या तांब्यापायी मी माझ्या पोरीचे पाय देणार नाही. उद्या मी तिला धाराशिवला घेऊन जाते, पाय टेकेपर्यंत ती तिथंच राहील, शाळेचं नंतर बघू. बसवेशनं मोबाईल काढला. अप्पा उठून बाहेर खाटेवर जाऊन पडले. त्या संध्याकाळी त्यांच्या भुवयांवर पीठ नव्हतंच, तरी राजनंदिनी टॉवेल ओला करून दारात उभी राहिली आणि कुणी बोलावलं नाही म्हणून परत आली.

सकाळी पिशवी भरून दारात आली. पोरगी पिशवीवर बसली. अप्पा गिरणीला गेले नव्हते. उंबऱ्याशी भिंतीला टेकून बसले होते आणि मांडीवर तो तांब्या होता. पडून त्याच्या काठाला पोचा आला होता, त्यावरून अंगठा फिरवत होते. निकिताला त्यांची कीव आली आणि राग त्याहून जास्त आला. एस्टीची वेळ होत होती.

महानंदाबाई चुलीपुढून उठल्या. पीठ लागलेले हात पदराला पुसले आणि नवऱ्याच्या समोर येऊन बसल्या. ही बाई बोलायला मुळातच कंजूष. लग्नानंतरच्या सगळ्या वर्षांत निकितानं त्यांच्या तोंडून सलग चार वाक्यं ऐकली नव्हती. त्या दिवशी त्या सुनेकडं बघत बोलल्या, पण सांगत होत्या नवऱ्याला.

त्या रात्री गणपती बोळवले होते. शिवकांता पोरींच्या लेझमीत नाचून आली होती. केसांत गुलाल तसाच. नाचून पाय थांबेनात, तर धान्याच्या कोठीवर चढून उड्या मारत होती. अप्पांनी दोनदा दटावली. बसवेश तीन वर्षांचा, घामोळ्यांनी किरकिरत होता, म्हणून महानंदाबाई त्याला घेऊन बाहेर ओट्यावर झोपल्या. अप्पा दाराशी, पोरगी आत भिंतीकडं. वर्षभरापासून त्या भागात जमीन अधूनमधून गुरगुरायची, भांडी वाजायची. पहिल्यांदा लोक भ्यायले आणि मग सवय झाली. पहाटेच्या आधी तशीच भांडी वाजली. आतून अप्पांचा झोपेतला आवाज आला, शिवे, उड्या बंद कर, गप पडून ऱ्हा.

महानंदाबाई तिथं थांबल्या. मग म्हणाल्या, "पोरगी म्हणली, म्या न्हाय मारली उडी, अप्पा."

अंगठा पोच्यावर थांबला.

बाकीचं त्यांनी भरभर सांगून टाकलं. अप्पा पुन्हा म्हणाले, पडून ऱ्हा म्हणलो न्हवं. आणि मग घर खाली आलं. दगडमातीची भिंत, वर मातीचं जड माळवद, सगळं एकदम. चौकटीच्या आडोशानं अप्पा वाचले, त्यांना दुपारी उकरून काढलं. पोरगी संध्याकाळी सापडली. वाकळ अंगावर, सरळ पडलेली होती. सांगितलं होतं तशी.

अप्पांनी बायकोकडं बघितलं. हे शब्द आपल्याशिवाय जगात कुणालाच माहीत नाहीत, अशा समजुतीत त्यांचं सारं आयुष्य गेलं होतं.

"तुला ऐकू आलं व्हतं?"

"व्हय."

"मग इतकी वर्सं बोलली कामून न्हाईस?"

"काय बोलू?" महानंदाबाई म्हणाल्या. "मलाबी वाटलं, पोरगीच उड्या मारलालीय. तुमी वरडला नसताव, तर म्या वरडले असते."

अप्पांचा चेहरा वेडावाकडा झाला. ते रडले. गिरणीवाल्या माणसाचा घसा मोठा असतो, पट्ट्याच्या आवाजावरून बोलायची सवय असते. ते रडणं समोरच्या मकबूलच्या दुकानापर्यंत गेलं आणि तिथं मशीन थांबली. महानंदाबाई रडल्या नाहीत. त्यांचं आधीच सगळं रडून झालेलं असावं, कधी चुलीपुढं, कधी शेतात. त्यांनी फक्त नवऱ्याच्या मांडीवरचा तांब्या उचलून बाजूला ठेवला.

थोड्या वेळानं अप्पा बोलले ते निकिताशी. घरात कुणी उडीच मारली नाही, म्हणाले, तर हललं की मला लगेच कळेल, पुन्हा चूक व्हायची नाही, एवढंच होतं बाई त्यात. आणि निकिताला तो नियम पहिल्यांदा समजला. हा माणूस आवाजाला भीत नव्हता. आवाजाला तर तो दिवसभर छातीशी घेऊन उभा असायचा. घरातल्या लेकराचं पाऊल आणि जमिनीचा हादरा यांत आपल्याला पुन्हा फरक कळणार नाही, याला तो भीत होता, आणि त्यासाठी त्यानं लेकराचं पाऊलच पुसून टाकलं होतं. आदल्या संध्याकाळचे आपलेच शब्द आठवून निकिताला वाईट वाटलं. तरी पोरीची टाच तिच्या डोळ्यांपुढून हलेना. दोन्ही खरं होतं, आणि कुठलं एक सोडून द्यावं हे तिला कळत नव्हतं.

मार्ग काढला तो पिशवीवर बसलेल्या राजनंदिनीनं. तिला एवढ्या सगळ्यात एकच गोष्ट नीट कळली होती, की अप्पांना कळत नाही उडी कोण मारतंय.

"मग मी आधी सांगत जाते की," ती म्हणाली. "अप्पा, मी हाय, असं म्हणते, मग उडी मारते."

एस्टी गेली. पिशवी आत गेली. त्या दुपारी घरात नव्यानं नियम ठरले, आणि या वेळी सगळ्यांनी बसून ठरवले. उडी मारायच्या आधी मोठ्यानं सांगायचं, अप्पा, मी हाय. रणधीरनंही सांगायचं, स्वतःचं नाव घेऊन, नाहीतर दोघांत घोळ होईल. खेळायचं ते मधल्या खोलीत, वाकळांवर. कुणी झोपलं असेल किंवा दिवेलागण झाली असेल तर बंद. तांब्या राहणार, पण खाटेपासून लांब, स्वयंपाकघराच्या आतल्या भिंतीशी. आणि कुणी काही न सांगता तांब्या पडला, तर हातातलं टाकून निंबाखाली पळायचं, कुणी केलं हे विचारत बसायचं नाही. हा शेवटचा नियम झाला असं वाटत असताना अप्पांनी आणखी एक घातला, स्वतःसाठी. पोरगी न्हाय म्हणली की न्हाय, म्हणाले. तिथल्या तिथं मानायचं.

नियम करणं सोपं, तो अंगी लागणं कठीण. पहिले दिवस अप्पा भर दुपारी गिरणी बंद करून येत आणि दाराशी खाटेवर बसत. आतून हाक यायची, अप्पा, मी हाय, की दोन्ही हातांनी खाटेचा दांडा धरायचे. धप आवाज झाला की डोळे मिटायचे, मग उघडायचे. पोरीला वाटलं हा खेळच आहे. ती दिवसाला कितीदा हाका मारायची याचा कुणी हिशेब ठेवला नाही. मकबूलला शिलाई करताकरता त्या हाकांची एवढी सवय झाली, की एखाद्या दुपारी त्या आल्या नाहीत तर तो समोरून विचारायचा, बेटी आज बीमार हाय का?

पुढं पुढं अप्पांनी दांडा धरायचं सोडलं. हाक आली की नुसतं व्हय म्हणायचे. ज्येष्ठात तर एकदा निकितानं त्यांना उडीच्या आवाजात चक्क डुलकी घेताना पाहिलं, आणि तिनं घाईघाईनं आत जाऊन पोरांना आवाज कमी करायला सांगितलं नाही. पोरीची शीर हळूहळू सुटत गेली. पायात गोळे यायचे, ती रडायची, अप्पा पिंढऱ्यांना कोमट तेल चोळायचे. डॉक्टरांनी बघून सांगितलं, प्लास्टर नको, पण खेळ थांबवू नका.

श्रावणातल्या एका रविवारची, दुपारची गोष्ट. सगळे जेवायला बसले होते. राजनंदिनीचं आधी उरकलं होतं, ती मधल्या खोलीत एकटीच काही करत होती. आणि हाक आली नाही, काही नाही, तांब्या परातीत पडला.

सगळ्यांचे घास थांबले. निकितानं नकळत खोलीच्या दाराकडं बघितलं. तिच्या तोंडावर प्रश्न आलाच होता. एवढ्यात आतून पोरीचा आवाज आला, साधा, जराही न घाबरलेला.

"अप्पा, म्या न्हाय मारली उडी."

"पळा," अप्पा म्हणाले.

त्यांनी दुसरा शब्द काढला नाही. हातावर भात तसाच. आत जाऊन पोरीला उचलली आणि निघाले. सगळी निंबाखाली जमली, बसवेशच्या हातात चुकून वाटी आली होती. घर उभंच होतं. मकबूल बाहेर आला, म्हणाला, मलापण जरा हलल्यासारखं वाटलं. पलीकडचे म्हणाले, मुरमाचा टिप्पर गेला असेल रस्त्यानं. रणधीर म्हणाला, मांजर. खरं काय ते कळलं नाही, आणि अप्पांनी कुणाला विचारलंही नाही.

ते पोरीपुढं उकिडवे बसले. तिचे दोन्ही पाय ओल्या मातीत होते, टाचांसकट.

"तू न्हाय मारलीस, बाय," ते म्हणाले. "मला ठावं हाय."

पोरगी हसली. तिला त्यात विशेष काही वाटलं नाही. तिनं त्यांच्या खांद्यावरच्या टॉवेलचं टोक घेऊन हातावरचा भात पुसायला घेतला. अप्पांनी ते वाक्य पुन्हा एकदा म्हटलं. या वेळी ते पोरीकडं बघत नव्हते, ओढ्यापलीकडच्या बाभळींकडं बघत होते. महानंदाबाईंनी ते ऐकलं आणि मान डोलावली.